सहाची लिंक

"कॉम्प्युटर पुन्हा हँग झाला," राजनंदिनी म्हणाली. "सृष्टे, बघ ना गं."

सृष्टी दारात चप्पल काढत होती. "बारावीला ब्याऐंशी टक्के पडलेत ना तुला? तूच बघ."

"सहाला लिंक बंद होते. आज शेवटची तारीख आहे."

घड्याळात पाच पंचवीस.

"कसला फॉर्म?"

"आहे एक." राजनंदिनीनं पटकन स्क्रीनसमोर हात धरला.

आई स्वयंपाकघरातून डोकावली. "झालं का गं फॉर्मचं?" मग तिला सृष्टी दिसली आणि एकदम कुकर आठवला.

आठवडाभर हेच चाललं होतं. दोघी कुजबुजायच्या, सृष्टी आली की गप्प.

नववीत बाईंच्या टेबलावर दप्तर आपटून सृष्टी जी घरी आली, ती परत गेलीच नाही. मागच्या दिवाळीत आईनं शाळेचा विषय काढला, तर हिनं भरलं ताट ढकललं. तेव्हापासून कुणी काढला नाही. घरात ताईच्या मार्कांचे पेढे आणि हिच्या नावाचे उसासे, एवढंच. ताईला नवा फोनही आला. परवा त्याचा कॅमेरा बघायला तिनं हिलाच भिंतीला टेकवून उभं केलं. "हलू नको. हसू नको." हसतंय कोण!

पण बिबवेवाडीतल्या कॉम्प्युटर रिपेअरच्या दुकानात सृष्टी दोन वर्षं बसत होती. त्या एका गोष्टीत ताई ढ.

"हो बाजूला. डोक्यावर उभी राहू नको."

मिनिटभरात तिला कळलं. ब्राउझरमध्ये कसलंतरी फुकट कूपनवालं एक्स्टेन्शन घुसलं होतं, तेच सगळी मेमरी खात होतं. काढलं की झालं. मागे एक पान अर्धवट पांढरं होऊन अडकलेलं. कॉलेजचाच फॉर्म. हॉस्टेलवालं असणार, लांबचं. ताई जाणार, फोटो टाकणार, आणि इथं उरणार ही आणि ते उसासे.

तिनं एक्स्टेन्शन तसंच ठेवलं. वर अँटिव्हायरसचा फुल स्कॅन लावला. आठ वर्षांचं ते डबडं, म्हणजे म्हाताऱ्याच्या डोक्यावर गव्हाचं पोतं.

"व्हायरस आहे."

"किती वेळ लागेल?"

"दहा मिनिटं."

पावणेसहाला स्क्रीनवर चौदा टक्के होते.

"मी खाली नेटवाल्याकडे जाऊन भरू का?" राजनंदिनी नखं खात म्हणाली. "पहिल्यापासून भरते."

"तिथं आत्ता रांग असते. आणि मध्येच लॉगिन केलंस तर इथलं सगळं उडेल. मग रड."

"नक्की?"

"तू कर ना मग! ये, बस इथं!"

राजनंदिनी बसली नाही. "तसं नाही गं. पण वर्ष जाईल."

"जाऊ दे की. माझी दोन गेली, मी मेले का?"

राजनंदिनीनं स्वयंपाकघराकडे बघितलं.

पाच पंचावन्न, एकवीस टक्के. माउसचा बाण जागचा हलत नव्हता. राजनंदिनी देवासमोर उभी असल्यासारखी स्क्रीनसमोर उभी होती. सृष्टीनं बिस्किटाचा पुडा उघडला आणि सावकाश दोन खाल्ली.

सहा वाजले.

राजनंदिनीनं सृष्टीच्या डोक्यावर हात ठेवला, "असू दे, तू केलास प्रयत्न," म्हणाली आणि आत गेली. आतून आईचा आवाज आला, "मग आता गं?"

सृष्टीला तो हात आवडला नाही. मोठेपणा! तिनं स्कॅन थांबवला, एक्स्टेन्शन उडवलं. दोन क्लिक. कॉम्प्युटर पळायला लागला. अडकलेलं पान भराभर खालपर्यंत उघडलं. वर लाल पट्टी होती, मुदत संपली.

निदान कॉलेज कुठलं ते तरी बघू, म्हणून ती पुढे वाकली.

दहावी. खासगी विद्यार्थी. फॉर्म नंबर सतरा.

कोपऱ्यात फोटो होता. मागे घरातलीच पांढरी भिंत, आणि तिला टेकून, न हलता, न हसता, ती स्वतः.