गल्लीत पडल्या असं धरू

शरदिनीबाई बाहेरच्या खोलीत चटईवर आडव्या झाल्या. "हं, मी पडले. चला."

हिंदी मुलखातल्या त्यांच्या दूधविनायकाच्या गल्लीत, देवळाच्या भिंतीवर, हृदयाला विजेचा झटका देणारं मशीन नुकतंच बसवलं होतं. थांबलेलं हृदय त्यानं पुन्हा सुरू होऊ शकतं, हे बाईंनी गल्लीतल्या मुलांना समजावून दिलं होतं. आज तालीम होती. मशीनच्या जागी बिस्किटांचा डबा, छातीवर चिकटवायला कागदाचे चौकोन आणि दाबायला उशी. शुद्धीवरच्या माणसाची छाती तालमीतसुद्धा दाबायची नाही, हे त्यांनी आधीच बजावलं होतं.

रुचीनं त्यांचे खांदे हलवून हाका मारल्या. ऋतुराज डबा आणायला पळाला. कुशलनं साडीवरच कागद चिकटवले आणि मशीन झटका देताना कोणीही हात लावायचा नाही म्हणून सगळ्यांना लांब केलं. रुचीचा हात मात्र बाईंच्या कपाळावर तसाच राहिला. एरवी बारीकशी चूकही न सोडणाऱ्या बाईंनी तिला टोकलं नाही.

मग म्हणाल्या, "आता पुन्हा, पहिल्यापासून. मला पडताना कोणी पाहिलं?"

मी पाहिलं, असं ऋतुराज म्हणाला. तू तर शाळेत असशील, रुचीनं त्याला गप्प केलं. शेजारच्या वीणाकाकूंचं नाव निघालं; पण त्या दिवसभर बँकेत. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो, तो आत डोकावतही नाही. मुलं हिरिरीनं एकेकाला बाद करत गेली.

"तुम्ही तर अकेल्याच राहता ना, आजी," शेवटी कुशल म्हणाला. "मग आम्हाला कळणार कसं?"

शंका काढणाऱ्या मुलाचं बाई नेहमी कौतुक करत. आताही केलं. "चांगलं विचारलंस," त्या म्हणाल्या.

तालीम अडलेली मुलांना चालेना. थोडी कुजबुज झाली, आणि तोडगाही कुशललाच सुचला.

"ऐसा करू आजी. तुम्ही घरात नाहीच पडल्या. गल्लीत पडल्या असं धरू. तिथे सगळ्यांना दिसतं."

बाकीच्यांना ते एकदम पटलं.

बाई हळूच उठल्या. चटई काखेत मारून त्या बाहेर आल्या आणि अरुंद गल्लीच्या अगदी मधोमध, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबावंच लागेल अशी, त्यांनी ती अंथरली.