डावीकडचं दार

हुझैफानं पिकअपचं डावीकडचं दार उघडलं आणि धक्क्यावर हशा पिकला.

"स्टिअरिंग इकडं हाय, शेख!" त्याचा दोस्त झियान ओरडला.

दम्मामहून रजेवर आल्यापासून आठ दिवस हेच चाललं होतं. तिकडं स्टिअरिंग डावीकडं आणि गिअर आपोआप पडणारे. माणूस मुरुडला पोचला होता, हातपाय अजून सौदीतच होते.

तो हसत उजवीकडं गेला. शुक्रवार होता, नमाज आटोपली होती, होड्या नांगरून पडल्या होत्या. धक्क्यावरची सिमेंटची जागा मोकळी होती. आज तो टायरमधून धूर काढून दाखवणार होता. गाडी जागची हलायची नाही, मागची चाकं मात्र जागच्या जागी फिरून जळायला लागायची. तिकडची पोरं हे कसं करतात याच्या गोष्टी तो चार वर्षं फोनवर सांगत आला होता. टायरची फिकीर नव्हती. गाडी विकायची ठरली होती आणि अलिबागचा दादू ती बघायला येतच होता.

गाडी अम्मीची, फिरोजाची होती. हुझैफा नववीत असताना त्याचा बाप, नजमुद्दीन, गेला. दुसऱ्याच महिन्यात फिरोजा त्याच्या सीटवर उशी ठेवून बसली. होड्यांना बर्फ पोचवायचा, मासळी अलिबागच्या बाजारात न्यायची, असं चौदा वर्षं चाललं. धक्क्यावर पिकअप चालवणारी ती एकटी बाई. आधी लोक बघत राहिले, मग सवय झाली, मग तिच्यावाचून त्यांचं अडायला लागलं. आणि आता मुलगा म्हणत होता, "पोरगा सौदीत आणि आई बर्फ वाहते, बरं दिसतं का, अम्मी? आता घरी बस." चावी मात्र त्याला तिच्याकडं दोनदा मागावी लागली.

पाच दोस्त मोबाइल काढून हौद्यात चढले. हुझैफानं इंजिन रेटलं, गिअरसाठी उजवा हात टाकला, तो दाराच्या काचेवर आपटला. पुन्हा हशा. मग डाव्या हातानं गिअर टाकून त्यानं क्लच सोडला. गाडीनं एक गचका खाल्ला आणि बंद पडली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदाही.

"चार वर्षं तिकडं उंट हाकत व्हतास काय रं?" सुकट वाळवत बसलेल्या नीराबाईनं विचारलं.

हुझैफाचे कान लाल झाले. तेवढ्यात त्याला अम्मी दिसली. गाडी जायच्या आधी ती आपली उशी न्यायला आली होती.

"उतर," ती म्हणाली.

"अम्मी, तू कशाला..."

"उतर म्हनते ना. आनि तुमी सगले हौद्यातून खाली या. मागं वजन असलं की चाक जमीन धरून बसतं, येवढं पन म्हाईत न्हाय?"

पोरं निमूट उतरली. तिनं पुढच्या चाकांना दोन मोठे दगड लावायला सांगितले. नीराबाईची बादली घेतली आणि मागच्या टायरखाली पाणी ओतलं. उशी सीटवर ठेवली, ओढणी खोचली, दुसरा गिअर टाकला. इंजिन किंचाळायला लागलं तसा तिनं क्लच एका झटक्यात सोडला, आणि तोच पाय ब्रेकवर नेला.

गाडी तसूभर हलली नाही. आधी पाणी उडालं, मग पांढराफेक धूर निघाला. हौदा दिसेनासा झाला, मग दगड, मग खुद्द झियान. होड्यांवरचे खलाशी उठून उभे राहिले. जळक्या रबराच्या वासात नीराबाई खोकत खोकत टाळ्या वाजवत होती. "माजी सुकट गेली! जाऊ दे, जाऊ दे!"

फिरोजानं इंजिन बंद केलं.

"अम्मी, हे तू कुठं शिकलीस?"

"शिकायचंय काय त्यात? बरफ उतरून रिकामी गाडी शेवालल्या उतारावरून वर काढताना ती रोज ह्येच करायला बघते. क्लच कसा सोडायचा न्हाय, ते चौदा वर्षं जपलं. आज तसाच सोडला."

आठ दिवस हुझैफाला जिच्या कामाची लाज वाटत होती, तिचा त्याला आता इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. त्यानं सगळं धुरावर ढकललं.

धूर विरला तेव्हा समोर दादू उभा होता. टायर बघून त्याचं तोंड उतरलं होतं. "सौदा कुणाशी करायचा?" त्यानं विचारलं.

"गाडी तिची हाय," हुझैफा म्हणाला. "तिला विचार."

"उद्या बरफ भरायचाय," फिरोजा म्हणाली आणि तिनं चावी फिरवली.

झियाननं दगड काढले. हुझैफा गाडीला वळसा घालून गेला आणि त्यानं डावीकडचं दार उघडलं.

"शेख, परत चुकलास!" सगळे ओरडले.

"न्हाय रे," तो अम्मीच्या शेजारी बसत म्हणाला, "आज पयल्यांदा बरोबर दार उघडलंय."