खुर्चीचं तोंड भिंतीकडे

"फोटो नाही, व्यासपीठ नाही आणि भाषण तर मुळीच नाही," शिंपीणबाई म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवायला लागल्या.

समितीच्या अध्यक्षांचा पारा चढला. गरजू मुलांना सुट्टीत भेटवस्तू द्यायच्या म्हणून सगळी वसाहत राबली होती, सभागृहातली टेबलं खेळण्यांनी भरली होती. देणाऱ्यांना निदान मुलांचे हसरे चेहरे तरी दिसायला नकोत? गेल्या वर्षी पोरांना आईबापांसकट ओळीने उभं करून फोटो काढले होते आणि त्या लाजेपायी कितीतरी जण आलेच नव्हते, हे मात्र ते सोयीस्करपणे विसरले.

बाईंनी ते विसरू दिलं नाही. यंदा मागचं दार उघडं ठेवायचं. ज्याला गरज असेल त्याने यावं, आपल्या पोरासाठी एक खेळणं उचलावं आणि जावं. राखणीला एकच माणूस, खुर्चीचं तोंड भिंतीकडे. कोणीही आलं तरी मागे पाहायचं नाही.

"लोक दोन-दोन नेतील," अध्यक्ष म्हणाले.

"नेऊ देत. तुमच्या घरचं जातंय का?"

समितीतले बाकीचे गालातल्या गालात हसले. अध्यक्ष इरेला पेटले. एक जरी खेळणं उरलं, तर पुढच्या वर्षी पुन्हा व्यासपीठ आणि फोटो, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. बाई कबूल झाल्या.

नातीला शेजारी सोडून बाई रोज दुपारी जुन्या खेळण्यांच्या डागडुजीला यायच्या. त्यांच्या चपलेला खिळा ठोकलेला होता. फरशीवर त्याची टकटक सुरू झाली की ती अध्यक्षांच्या डोक्यात जायची. शिलाई मशीन का आणत नाही, असं कोणी विचारलं तर म्हणायच्या, हातचे टाके पक्के बसतात.

एका हाताची बाहुली अध्यक्षांनी कचऱ्यात टाकली होती. बाईंनी ती बाहेर काढली आणि चौकड्यांच्या चिंधीचा हात शिवून तिला लावला. बाहुली गुलाबी, हात निळा.

"हे ध्यान कोण नेणार?"

"नेईल कोणीतरी. टाकायची नाही," बाई म्हणाल्या.

वाटपाच्या दिवशी बाई ठरल्याप्रमाणे भिंतीकडे तोंड करून बसल्या. पुढच्या खोलीत अध्यक्ष येरझाऱ्या घालत होते. मागच्या दाराची करकर काही थांबत नव्हती. उन्हं उतरल्यावर ते आत आले, तर टेबलं धुतल्यासारखी स्वच्छ. उरली होती फक्त निळ्या हाताची बाहुली.

"हरलात, बाई." अध्यक्षांना आनंद लपवता येईना.

बाई सावकाश उठल्या. "दार अजून लावलेलं नाही. एक जण यायचं राहिलंय. माझी पाठ धरलीय, आता जरा तुम्ही बसा. नियम तोच."

अध्यक्ष बसले. एवढ्या उशिरा, तेही असल्या बाहुलीसाठी, कोण तडमडणार? भिंतीचे पोपडे बघत त्यांनी पुढच्या वर्षीचं व्यासपीठ मनात उभारायलाही घेतलं. बाहेर कसलीच चाहूल नव्हती. दार करकरलं नाही, आत कोणी आलं नाही.

मग त्यांच्या पाठीमागे चपलेची टकटक टेबलापर्यंत गेली, तिथे जराशी थांबली आणि मागच्या दाराने बाहेर पडली.