पोशाची पाठ

नवरा पोशा गेल्यापासून चांगुणा आज पहिल्यांदाच मिठागराच्या बांधावर आली होती. हातात दिराचा डबा होता.

खाली गडी फावड्यांनी मिठाच्या राशी लावत होते. सगळ्यांच्या अंगावर, मानेपासून मनगटांपर्यंत आणि घोट्यांपर्यंत, कंपनीची नवी यंत्रं बांधलेली. यंत्रं हलवतील तसे आधी गुडघे वाकत, मग फावडं पोटाजवळ येई, कंबर न पिळता अख्खं अंग वळे. जन्मभर मीठ उपसूनही पोशाची पाठ कधी दुखली नाही, म्हणून कंपनीने त्याच्या हयातीतच त्याची हालचाल या यंत्रांना शिकवून ठेवली होती.

"भावजी, जेवून घ्या!" चांगुणाने हाक मारली.

सगळी फावडी एकदम मिठात रोवली गेली. सगळे गडी तिच्याकडे वळले. प्रत्येकाने तळवा मांडीला पुसला आणि डावा हात वर केला. अगदी पोशासारखा.

"वहिनी, हे आम्ही नाय करत!" दीर घाबरून ओरडला. "हात खालीच येत नाय!"

तिला ठाऊक होतं. ती हात हलवून उत्तर देईपर्यंत पोशा कधीच हात खाली घेत नसे.

गडी विनवू लागले. चांगुणाने डबा खाली ठेवला, पदर सावरला आणि बघत उभी राहिली. हात मात्र तिने हलवला नाही.