शाळेच्या बाकाचं पेन

शाळेची शंभर वर्षांची इमारत पाडली, तेव्हा तिथले सागवानी बाक एका माजी विद्यार्थ्याने उचलले आणि लेथवर चढवून त्यांची पेनं केली. पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी कर्कटकाने बाकांवर कोरलेली नावं त्याने आधी रंधा मारून घालवली. गिऱ्हाइकाला इतिहास हवा असतो, पण गुळगुळीत!

पहिलं पेन घ्यायला निवृत्त मुख्याध्यापक स्वतः त्याच्या कारखान्यात आले. बाकावर नाव कोरलं म्हणून याच सरांनी एकदा भर वर्गात त्याच्या तळहातावर सहा पट्ट्या ओढल्या होत्या. वर “बाक काय तुझ्या बापाचा आहे का रे?” असंही विचारलं होतं.

सरांनी पेन उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिलं.

“झकास! पण फारच मोकळं वाटतंय रे. असं कर, टोपणावर माझं नाव कोरून दे. पूर्ण नाव, पदवीसकट.”

“देतो की, सर.”

त्याने माप घ्यायची लाकडी पट्टी उचलली.



“आधी हात पुढे करा.”