दोन आकड्यांची जागा

समता एसटीतून उतरली, तेव्हा धाडच्या स्टँडवर तिच्या अभिनंदनाचा फ्लेक्स आधीच बांधलेला होता. पांढरा कोट, हसरा चेहरा, आणि चेहऱ्याच्या डावीकडे नंबरापुरती कोरी जागा. एमडीच्या प्रवेशाला ती देशात एकसष्टावी आली होती. आत्ता हृदयरोगतज्ज्ञ होण्याच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल तिनं गाडीतच मोबाइलवर पाहिलेला. तीन वर्षं छत्तीस तासांच्या ड्युट्यांमधून चोरलेला अभ्यास एका नंबरात संपला होता. शिडीवर पेंटर ब्रश बुडवून तयार उभा; खाली बाजाराला आलेलं अर्धं गाव. "सांग माय, कितवी आली?" वडिलांनी मोठ्यानं विचारलं. "तेवीसशे चौदा." पेंटरचा हात थबकला. "भाऊराव, म्या तं दोनच आकड्यायची जागा सोडली." वडिलांनी जमलेल्या लोकांकडे पाहिलं. "मंग येऊ दे फोटोवर," ते हळूच म्हणाले. तिसरा आकडा तिच्या गालावर उमटला. चौथ्याखाली तिचं हसू झाकलं गेलं.