वाट्याची टोपली

लडकू तांडेलाच्या होडीचं इंजिन बंद पडलं आणि प्रवाहाने तिला ओढत सागरी हद्दीपलीकडे नेलं. दोन्ही देशांनी तिथला पहारा यंत्रांकडे सोपवून सहा वर्षं झाली होती. पलीकडची राखाडी, बिनमाणसाची नौका समोर येऊन उभी राहिली. हद्द ओलांडल्याच्या याच गुन्ह्यापायी लडकूचा बाप चार वर्षं तिकडच्या तुरुंगात खितपत पडला होता. पण बापाला निदान हात जोडायला समोर माणूस तरी होता!

त्याच्या धाकट्या भावाने, जयवंताने, वल्हं उभं धरलं आणि टोकाला सदरा बांधला. अडल्या होडीची ही कोळ्यांची जुनी खूण, ती या डबड्याला काय कळणार?

नौकेने दोर टाकला. होडी ओढत हद्दीपर्यंत आणली आणि सोडून दिली.

"ओढायला जो हात लावील, त्याचा वाटा असतोच," म्हणत लडकूने टोपलीभर पापलेटं नौकेच्या डेकवर ठेवली.

"ते यंत्र काय खाणार रे, दादा?" जयवंत हसला.

पंधरा दिवसांनी ते तिथेच जाळं टाकत असताना नौका पुन्हा हद्दीवर येऊन थांबली. डेकवर तीच टोपली होती, खजुराने शिगोशीग भरलेली.

लडकूने ती घरी आणून बायकोपुढे ठेवली. जाईबायने एक खजूर उचलून कपाळाला लावला.

"शेजारच्यांचं भांडं रिकामं परत करू नये, ही रीत यंत्राला कुठली ठाऊक?" ती म्हणाली. "तिकडे कोणीतरी बाई आहे, बघा."